उपग्रह जागा बदलतो तेव्हा टेलिपोर्टच्या परवान्याचं काय करायचं?

अँटेना तुमची, जागा तुमची, सिग्नलला ताकद देणारा हाय पॉवर ॲम्प्लिफायरही तुमचाच. पण परवान्यात खरं महत्त्व असतं ते ही यंत्रं कुठल्या उपग्रहाशी, आकाशातल्या कुठल्या अंशावर (म्हणजे कुठल्या रेखांशाच्या वर) आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलणार, या नोंदीला. त्यामुळे उपग्रह सरकला की जमिनीवर एक स्क्रूही न हलवता तुमचा कागद शिळा होतो. टेलिपोर्टवर, म्हणजे टीव्ही वाहिन्यांचे सिग्नल जमिनीवरून उपग्रहाकडे पाठवणाऱ्या (अपलिंकिंग करणाऱ्या) केंद्रावर, किंवा ब्रॉडकास्टरच्या रेग्युलेटरी विभागात जे नव्याने रुजू झाले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पद्धत भारतातली धरली आहे. मध्ये एक अमेरिकी प्रकरण येईल, कारण परवाना नेमका कशाला चिकटलेला असतो हे त्यातून चटकन कळतं.

पायरी १: नक्की काय हलतंय ते ठरवा

‘सॅटेलाइट शिफ्ट’ हा एकच शब्द ऑफिसात तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिल्या प्रकारात उपग्रह स्वतःच एका अंशावरून दुसऱ्या अंशावर जातो. पीएसएलव्ही-सी१७ ने जुलै २०११ मध्ये सोडलेला जीसॅट-१२ हे याचं आपल्याकडचं उदाहरण. तो ८३ अंश पूर्वेला होता. त्याची जागा घ्यायला डिसेंबर २०२० मध्ये सीएमएस-०१ गेला आणि मग २०२१ मध्ये जीसॅट-१२ ला ४७.९६ अंश पूर्वेला नेण्यात आलं. तो टीव्हीचा उपग्रह नव्हता, पण हालचाल अशीच असते.

दुसऱ्या प्रकारात जागा तीच राहते आणि उपग्रह बदलतो. ८३ अंशावरच्या इन्सॅट-४ए ची जागा जीसॅट-३० ने घेतली. तो १७ जानेवारी २०२० रोजी कौरूहून एरियान-५ वर गेला. इथे डिश हलवावी लागत नाही, म्हणून नवख्या माणसाला वाटतं की कागदही हलवायला नको. परवान्यात उपग्रहाचं नाव लिहिलेलं असतं, आणि नाव बदललं की दुरुस्ती आलीच. ट्रान्सपॉन्डरची, म्हणजे सिग्नल घेऊन परत जमिनीकडे पाठवणाऱ्या उपग्रहावरच्या यंत्रांची, आखणीही नव्या उपग्रहावर जुन्यासारखीच असेल असं नाही.

तिसऱ्या प्रकारात उपग्रह जागेवरच असतो, तुमच्या वाहिन्या दुसऱ्या उपग्रहावर जातात. अलीकडे हाच प्रकार जास्त दिसला. अंतराळ क्षेत्रातल्या खासगी कामांना मंजुरी देणाऱ्या इन-स्पेस या सरकारी संस्थेने एशियासॅटच्या एएस५ आणि एएस७ या उपग्रहांना मार्च २०२६ पर्यंतचीच मुदत दिली, तेव्हा त्यांच्यावरच्या भारतीय वाहिन्यांना जीसॅट-३०, जीसॅट-१७, इंटेलसॅट-२० अशा ठिकाणी जागा शोधावी लागली.

आपल्या बाबतीत यातलं काय घडतंय, हे एका ओळीत लिहून सगळ्यांना पाठवा. पुढच्या प्रत्येक अर्जात तीच ओळ, त्याच शब्दांत गेली पाहिजे.

पायरी २: कपाटातले कागद बाहेर काढा

टेलिपोर्टकडे एकच ‘लायसन्स’ असतं अशी नवख्यांची समजूत असते. प्रत्यक्षात चार ठिकाणचे कागद एकमेकांत अडकलेले असतात.

माहिती आणि प्रसारण मंत्रालयाची परवानगी हा पहिला. यात दोन वेगळ्या परवानग्या आहेत हे पक्कं लक्षात ठेवा: टेलिपोर्टची परवानगी टेलिपोर्ट चालवणाऱ्या कंपनीच्या नावावर, तर वाहिनीची परवानगी ब्रॉडकास्टरच्या नावावर. उपग्रह बदलला की दोन्हींत बदल लागतो आणि दोघांनाही वाटत राहतं की समोरच्याने अर्ज केलाय. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखेकडून मिळालेलं फ्रिक्वेन्सी वाटप आणि वायरलेस ऑपरेटिंग लायसन्स हा दुसरा. तिसरा एनओसीसीचा, म्हणजे सिकंदराबादच्या नेटवर्क ऑपरेशन्स कंट्रोल सेंटरचा. हे सिकंदराबाद उत्तर प्रदेशातलं, तेलंगणातलं नव्हे. कुठला कॅरिअर, म्हणजे वाहिनी वाहून नेणारा सिग्नल, कुठल्या ट्रान्सपॉन्डरवर किती ताकदीने चढतो, यावर त्यांची नजर असते. आणि चौथा उपग्रहाबद्दलचा: क्षमता भाड्याने घेतल्याचा करार आणि त्या उपग्रहाला भारतात सेवा द्यायला इन-स्पेसची मंजुरी.

या चारही कागदांवरचा तपशील एका तक्त्यात उतरवून घ्या: उपग्रहाचं नाव, अंश, अपलिंक आणि डाउनलिंक फ्रिक्वेन्सी, बँडविड्थ, पोलरायझेशन (लहरींच्या कंपनाची दिशा), अँटेनाचा व्यास, मॉड्युलेशन (सिग्नलवर माहिती चढवण्याची पद्धत), कमाल ईआयआरपी (अँटेनातून उपग्रहाच्या दिशेने जाणारी ताकद), जागेचे अक्षांश-रेखांश, मुदत. कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या मते अख्ख्या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ वाचवणारं तेच आहे. अर्ज धोरणावरून क्वचित अडतात. अडतात ते एका कागदावर अँटेना ९ मीटर आणि दुसऱ्यावर ९.३ मीटर लिहिल्याने, किंवा कंपनीचं नाव बदललं तरी जुना कागद जुन्याच नावावर राहिल्याने. अशी तफावत सापडली तर ती आधी निस्तरा आणि मगच नवा अर्ज टाका.

पायरी ३: उपग्रहवाल्यांना विचारायचे प्रश्न

सेल्सच्या माणसाला भाडं विचारायचं असतं, तुम्हाला वेगळं काही. नव्या जागेवर उपग्रह कुठल्या देशाच्या नोंदणीखाली काम करणार? आयटीयूकडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे, त्या जागेचं फाइलिंग (हक्काची नोंद) कुणाचं आहे, शेजारच्या उपग्रहांशी समन्वय पूर्ण झालाय का, आणि झाला असेल तर कुठल्या अटींवर? समन्वयात अनेकदा अपलिंकच्या ताकदीवर मर्यादा मान्य केलेली असते आणि ती सरळ तुमच्या ईआयआरपीवर येऊन आदळते. जुन्या जागेवर जी पॉवर चालत होती ती नव्या जागेवर चालेलच असं नाही.

उपग्रह हलवून रिकाम्या जागेचा हक्क टिकवण्याची युक्ती जगभर वापरली जाते. एकच उपग्रह फिरवून अनेक जागा ‘वापरात’ दाखवण्यावर लक्ष राहावं म्हणून आयटीयूच्या २०१५ च्या परिषदेने ठराव ४० केला. त्यानुसार आधी तोच उपग्रह अलीकडे कुठल्या अंशावर वापरला होता हे कळवावं लागतं. तुम्हाला यात काही भरायचं नसतं. पण उपग्रह नव्या जागी कायमचा आला आहे की काही महिन्यांचा पाहुणा, हे विचारायला विसरू नका. पाहुणा असेल तर हाच खटाटोप तुम्हाला पुन्हा करायचा आहे.

परदेशी उपग्रह असेल तर आणखी एक प्रश्न. इन-स्पेसची मंजुरी नव्या अंशासाठी आहे का? मे २०२४ मध्ये आलेल्या इन-स्पेसच्या नियमावलीनंतर परदेशी उपग्रहाला भारतात क्षमता विकायची तर मंजुरी लागते आणि ती भारतातल्या कंपनीमार्फत मागावी लागते. ‘आमचा उपग्रह तर मंजूर आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. मंजुरीपत्राची प्रत मागा, त्यातला अंश, बँड आणि मुदत स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

मधला प्रवास कसा होणार हेही विचारा. भूस्थिर कक्षा जमिनीपासून सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर आहे आणि तिथे रेखांशाचा एक अंश म्हणजे जवळपास ७३६ किलोमीटर. उपग्रहाला बाजूला ढकलत नेत नाहीत. कक्षा थोडी वरखाली केली की तो आपोआप सरकू लागतो. दिवसाला एक अंश सरकायला सुमारे ७८ किलोमीटरचा फरक पुरतो. या वाटेवर तो इतर उपग्रहांच्या समोरून जातो, म्हणून साधारणपणे ट्रान्सपॉन्डर बंद ठेवतात आणि फक्त नियंत्रणाचे सिग्नल चालू असतात. तेही वाटेतल्या ऑपरेटरांशी बोलून. इस्रोच्या उपग्रहांसाठी हे काम हासन आणि भोपाळच्या मास्टर कंट्रोल फॅसिलिटीचं. तुमच्या वाहिन्या त्या काळात कुठे राहणार, याचं उत्तर कराराआधी लेखी हवं.

एक अमेरिकी प्रकरण: घरावरच्या डिशला परवाना

अमेरिकेत १९७९ पासून नुसत्या सिग्नल घेणाऱ्या डिशला परवाना सक्तीचा नाही. तरीही २००४ मध्ये डायरेक्टीव्ही या डीटीएच कंपनीला तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामकाकडून दहा लाख घरगुती डिशसाठी एकत्रित परवाना घ्यावा लागला. झालं असं की, मे २००२ मध्ये बायकोनूरहून सोडलेला डायरेक्टीव्ही-५ हा उपग्रह कंपनीने ७२.५ अंश पश्चिमेला हलवायचं ठरवलं. ती जागा कॅनडाच्या वाट्याची. तिथे उपग्रह चालणार तो कॅनडाच्या परवानगीखाली. उपग्रह तोच, मालक तोच, छपरावरची डिशही तशीच, पण आकाशातला अंश दुसऱ्या देशाचा. अमेरिकेचा परवाना नसलेल्या उपग्रहाकडून सिग्नल घ्यायचा म्हटल्यावर सवलत संपली आणि डिशला परवाना आला.

आपल्या कामासाठी यातून घ्यायचं ते एवढंच: उपग्रह हलला की आधी त्याचं कायदेशीर पालकत्व बदललं का ते बघायचं. अमेरिकेत कामाला असलेल्यांसाठी जाता जाता सांगतो, तिथे असा बदल फॉर्म ३१२ आणि त्याच्या शेड्यूल बी वर मागतात. वेळ कमी असेल तर तात्पुरती विशेष परवानगी मिळते, जाहीर सूचना निघाली असेल तर कमाल १८० दिवसांची. उपग्रह सरकत असताना त्याला हुकूम देणाऱ्या नियंत्रण केंद्रालाही ही परवानगी घ्यावी लागते.

पायरी ४: गणितं करा, मग अर्ज लिहा

अर्जात जे आकडे जाणार ते इंजिनीअरकडून येतात. रेग्युलेटरी विभागातल्या माणसाला ते काढता आले नाहीत तरी वाचता यायला हवेत.

समजा मुंबईतली अँटेना ८३ अंशावरून ९३.५ अंशावर वळवायची आहे. ८३ साठी तिची दिशा उत्तरेपासून सुमारे १५१ अंश आणि क्षितिजापासून उंची सुमारे ६५ अंश असते. ९३.५ साठी दिशा १३१ आणि उंची साडेसत्तावन्नच्या आसपास येते. म्हणजे कक्षेतला साडेदहा अंशांचा फरक जमिनीवर वीस अंशांची फिरकी होतो. लिनिअर पोलरायझेशन असेल तर फीडचं (डिशसमोरच्या, सिग्नल सोडणाऱ्या-घेणाऱ्या तोंडाचं) वळणही सुमारे २७ अंशांवरून साडेपंचेचाळीसवर जातं. मोठ्या स्थिर अँटेनाच्या पायाला एवढं फिरण्याची मुभा आहे का, नव्या दिशेला शेजारच्या इमारतीचा माथा किंवा पाण्याची टाकी येते का, हे प्रत्यक्ष गच्चीवर जाऊन बघावं. नकाशा पुरत नाही. गेल्या वर्षी रिकामा असलेला प्लॉट आज वीस मजले वर गेलेला असतो.

सी बँड, म्हणजे टीव्हीसाठी वापरला जाणारा एक फ्रिक्वेन्सी पट्टा, वापरणाऱ्यांनी ५जी टॉवरचाही विचार करावा. भारतात २०२२ च्या लिलावात ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ हा पट्टा मोबाइल कंपन्यांना गेला आणि टीव्हीचं डाउनलिंक ३७०० पासून सुरू होतं. अंतर थोडंच आहे. जुन्या दिशेला शांत असलेली अँटेना नव्या दिशेला टॉवरकडे तोंड करून बसली तर एलएनबीचा (आलेला क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राचा) जीव गुदमरतो. फक्त हवा तो पट्टा आत सोडणाऱ्या बँडपास फिल्टरची तरतूद खर्चात आधीच धरा.

अँटेना मुख्य दिशेच्या बाजूला किती ऊर्जा सांडते हाही अर्जातला मुद्दा आहे. बाजूच्या कोनाला, म्हणजे थीटाला, २९ वजा २५ लॉग थीटा ही मर्यादारेषा सर्वत्र वापरतात. नव्या जागेच्या दोन अंशांवर दुसरा उपग्रह असेल तर तपासणारा माणूस इथेच बोट ठेवणार. अँटेनाचा पॅटर्न टेस्टचा अहवाल जुना असला तरी जोडा.

पायरी ५: अर्जांचा क्रम

क्रम चुकला तर प्रत्येक खिडकीवर ‘आधी त्यांचं आणा’ ऐकू येतं. उपग्रह क्षमतेचा करार आणि इन-स्पेसची मंजुरी हातात आल्यावर मंत्रालयाकडे ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर अर्ज करायचा: टेलिपोर्टचा वेगळा, वाहिनीचा वेगळा. एका टेलिपोर्टवर अनेक ब्रॉडकास्टरांच्या वाहिन्या असतील तर त्यातल्या प्रत्येकाकडून अर्ज गेला की नाही याचा पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो. ब्रॉडकास्टरची पोर्टलवरची पोचपावती हातात येईपर्यंत ‘केलाय हो’ यावर विश्वास ठेवू नका.

मंत्रालयाच्या परवानगीच्या आधारे डब्ल्यूपीसीकडे सरल संचार पोर्टलवर फ्रिक्वेन्सी वाटपातला बदल आणि ऑपरेटिंग लायसन्सवरची नोंद मागायची. जागा आणि मनोऱ्याची उंची तीच असेल तर साक्फाच्या (अँटेना आणि मनोऱ्यांच्या जागा तपासणाऱ्या दूरसंचार विभागाच्या समितीच्या) जागेच्या मंजुरीला हात लावावा लागणार नाही असं गृहीत धरू नका. जुन्या मंजुरीत काय नोंदलंय ते वाचा आणि शंका असेल तर अर्जासोबत विचारून घ्या. फ्रिक्वेन्सी लिलावाने घ्यावी लागेल का, हा प्रश्न मात्र मिटलेला आहे. दूरसंचार कायदा २०२३ च्या पहिल्या अनुसूचीत टेलिपोर्ट, टीव्ही वाहिन्या आणि डीटीएच यांना प्रशासकीय पद्धतीने स्पेक्ट्रम द्यायचं ठरलं आहे.

शेवटी एनओसीसी. तिथे नवा कॅरिअर प्लॅन द्यायचा आणि चाचणीची वेळ मागायची.

बदल अर्जात सांगताना जुनं आणि नवं समोरासमोर मांडा. पायरी २ मधला तक्ता इथे कामी येतो: डावीकडे मंजूर तपशील, उजवीकडे मागितलेला आणि जिथे काही बदलत नाही तिथे तसं स्पष्ट लिहिलेलं. फाइल हाताळणारा अधिकारी रोज अशा अनेक फाइली बघतो. काय बदलतंय हे त्याला शोधावं लागलं तर फाइल मागे पडते.

पायरी ६: दोन्हीकडे एकदम चालवा

देशभरातल्या केबल हेडएंडवर (केबलवाल्यांच्या सिग्नल घेणाऱ्या केंद्रांवर) तुमची वाहिनी घेणाऱ्या डिश एका रात्रीत वळत नाहीत. म्हणून काही आठवडे जुन्या आणि नव्या, दोन्ही उपग्रहांवरून वाहिनी चालवावी लागते. २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वाहिनीला एकच टेलिपोर्ट आणि एकच उपग्रह असा नियम होता, त्यामुळे अशा काळासाठी खास परवानगीची कसरत व्हायची. ९ नोव्हेंबर २०२२ च्या तत्त्वांनी एकापेक्षा जास्त टेलिपोर्ट आणि उपग्रह वापरायची मुभा दिली. मुभा आहे म्हणजे आपोआप आहे असं नव्हे. दुसरा उपग्रह परवानगीत चढलेला हवा आणि दुसऱ्या कॅरिअरला डब्ल्यूपीसीचं वाटपही हवं. दोन उपग्रह म्हणजे बहुधा दोन अँटेनाही लागतात. दुसरी नसेल तर दुसऱ्या टेलिपोर्टची काही दिवस मदत घेणं स्वस्त पडतं, फक्त त्या टेलिपोर्टचं नावही अर्जात आलं पाहिजे.

सी बँडशिवाय इतर बँडवर जाणार असाल तर सिग्नल एन्क्रिप्ट करणं बंधनकारक आहे. सी बँडवरची फ्री-टू-एअर वाहिनी केयू या दुसऱ्या बँडवर नेताना हे हमखास विसरलं जातं.

नियोजनाला वेळच मिळत नाही अशीही स्थिती येते. ७ जुलै २०१० रोजी इन्सॅट-४बी चा वीजपुरवठा बिघडला आणि त्याचे निम्मे ट्रान्सपॉन्डर बंद करावे लागले. सन डायरेक्टची डीटीएच सेवा त्याच उपग्रहावर होती. असा दिवस आलाच तर वर सांगितलेला तक्ता आणि एखाद्या पर्यायी उपग्रहासाठी आधीच करून ठेवलेलं गणित हेच काय ते हाताशी असतं.

पायरी ७: चाचणीचा दिवस

सगळी पत्रं आल्यावरच अँटेना वळवायची. एनओसीसी आणि उपग्रहाचं नियंत्रण केंद्र फोनवर असताना आधी मॉड्युलेशनशिवायचा साधा कॅरिअर अगदी कमी पॉवरवर सोडतात. समोरून ‘दिसतोय’ असं आल्यावर फीड हळूहळू फिरवून विरुद्ध पोलरायझेशनवर पडणारी सावली कमी करतात. साधारण ३० डेसिबलचं आयसोलेशन (दोन पोलरायझेशनमधलं वेगळेपण) मिळेपर्यंत हे चालतं. मग पॉवर टप्प्याटप्प्याने मंजूर मर्यादेपर्यंत. ‘बघू तरी लॉक होतंय का’ म्हणून परवानगीआधी कॅरिअर सोडायचा मोह होतो. तो टाळाच. वायरलेस मॉनिटरिंगचं आंतरराष्ट्रीय उपग्रह निरीक्षण केंद्र आपल्या जालन्यात आहे आणि अनोळखी कॅरिअर शोधणं हेच त्यांचं काम.

चाचणीचे आकडे, वेळ आणि समोरच्या ऑपरेटरचं नाव लॉगबुकात लिहून ठेवा. पुढे कुणी हस्तक्षेपाची तक्रार केली तर पहिला प्रश्न त्या दिवसाबद्दलच असतो. मास्टर कंट्रोल रूमच्या वेळापत्रकात सन आउटेजची, म्हणजे सूर्य उपग्रहाच्या मागे येऊन सिग्नल बुडतो त्या व्यत्ययाची, वेळही बदलून घ्या. ८३ वरून ९३.५ वर गेलात तर मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधला तो व्यत्यय मुंबईत जवळपास पाऊण तास आधी येऊ लागतो.

पायरी ८: जुनं परत करा

नवा उपग्रह सुरळीत चालू लागला की सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि जुनी फ्रिक्वेन्सी परवान्यावर तशीच लटकत राहते. स्पेक्ट्रमचं शुल्क ती परत करेपर्यंत लागत राहतं. जुना कॅरिअर बंद केल्याची तारीख एनओसीसीला कळवा, ती पत्ररूपात नोंदवून घ्या आणि त्याच तारखेने डब्ल्यूपीसीकडे जुनं वाटप परत करा. मंत्रालयाच्या परवानगीतून जुन्या उपग्रहाचं नाव काढायचं की राखीव म्हणून ठेवायचं, हा व्यवसायाचा निर्णय आहे. मात्र भाडेकरार संपल्यावर ते नाव कागदावर ठेवण्यात अर्थ नाही. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी कुणीतरी त्याचाच करार मागेल.

नव्या परवान्याची प्रत टेलिपोर्टच्या उपकरण कक्षात लावा आणि जुनी तिथून काढा.